तालवादकांविषयीचे माहितीपट

ढोल, तबला, जेंबे (हातांनी वाजवायचा पश्चिम आफ्रिकी ढोल), ड्रमसेट अशी तालवाद्ये वाजवणाऱ्यांचे आयुष्य, त्यांची साधना आणि वादनामागचा अर्थ यांचा शोध घेणारे माहितीपट. एरवी साथीला बसणारा वादक इथे केंद्रस्थानी येतो. वेगाने फिरणारे हात टिपणे सोपे असते. तो ठेका वाजवणाऱ्यासाठी आणि ऐकणाऱ्यांसाठी नेमका काय आहे हे दाखवणे कठीण.

या दृष्टीने फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ झां रूश यांचा 'ले तांबूर दाव्हां' (पूर्वीचे ढोल) हा जेमतेम 10 मिनिटांचा लघुपट आजही अजोड वाटतो. 1971 मध्ये नायजर देशातील सिमिरी गावात पिके टोळांपासून वाचावीत म्हणून विधी चालू होता. तासन् तास ढोल वाजूनही कोणाच्या अंगात येत नव्हते. तुरू आणि बित्ती ही जुनी वाद्ये निदान चित्रित व्हावीत, म्हणून रूश कॅमेरा घेऊन चालत वादकांजवळ गेले. मध्येच ढोल थांबले, पण त्यांनी कॅमेरा थांबवला नाही. वादकांनी पुन्हा हात चालवले आणि नाचणाऱ्याच्या अंगात आले. आपल्या चित्रणामुळेच हे घडून आले, असे रूश मानत. सगळा प्रसंग एकाच सलग दृश्यात असल्यामुळे ढोलाची लय कुठेही तुटत नाही. दर ठोक्याला दृश्य बदलणाऱ्या संकलनात नेमकी हीच गोष्ट हरवते: लय वादकाची न राहता संकलकाची होते.

इतर माहितीपटांनी वेगळ्या वाटा धरल्या. 'जेंबेफोला' (1991) मध्ये जेंबेवादक ममादी केइता दीर्घ काळानंतर गिनीतील आपल्या गावी परततात. तिथे जेंबे हे मंचावरचे वाद्य नसून गावाच्या जगण्याचाच भाग आहे. एमा फ्रांझ यांच्या माहितीपटात ऑस्ट्रेलियन जॅझवादक सायमन बार्कर किम सोक-चुल या कोरियन शामान (देवतांना आवाहन करणारा विधीकर्ता) वादकाच्या शोधात पुन्हा पुन्हा कोरियाला जातात. अमेरिकन जॅझ ड्रमवादक मिलफर्ड ग्रेव्ह्ज यांच्यावरील 2018 च्या चित्रपटात हृदयाचे ठोके ऐकून त्यांतली लय शोधणारा वादक भेटतो. रॉक संगीतातील ड्रमवादक जिंजर बेकर यांच्यावरील 2012 चा माहितीपट गाजला, मात्र त्यात वादनापेक्षा माणसाचा तापट स्वभावच अधिक लक्षात राहतो.

'टच द साउंड' (2004) मध्ये स्कॉटिश तालवादक एव्हलिन ग्लेनी दिसतात. लहानपणीच त्यांची श्रवणशक्ती बहुतांशी गेली. त्या अनेकदा अनवाणी वाजवतात. जमिनीतून येणारी कंपने अंगभर झेलतात. ऐकणे फक्त कानांचे काम नाही, हे त्यांच्याकडे पाहताना पटते. म्हणूनच अशा चित्रपटांत ध्वनिमुद्रणाला छायाचित्रणाइतकेच महत्त्व असते. मोठ्या ढोलाचा खर्जातला घुमार फोनच्या लहानशा स्पीकरमधून जवळजवळ उमटतच नाही. चांगल्या ध्वनियंत्रणेच्या सभागृहात तोच छातीत जाणवतो.