अंगावर पाजणारी आई आणि स्तनाचा डिफ्यूजन एमआरआय

बाळंतिणीच्या छातीला गाठ लागली की घरातलं निदान ठरलेलं असतं: दूध साठलंय, शेका. बहुतेकदा ते खरंही असतं. पण गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षभरात होणारा स्तनाचा कर्करोग याच समजुतीपायी उशिरा सापडतो. पहिली तपासणी सोनोग्राफीच. एमआरआयची वेळ आली तर वेगळीच अडचण येते: पाजणाऱ्या स्तनाचा रक्तपुरवठा वाढलेला असल्याने सगळी ग्रंथीच कॉन्ट्रास्ट (प्रतिमा उठावदार करायला शिरेतून दिलेलं औषध) शोषून उजळते आणि गाठ त्यात दडते. म्हणून डिफ्यूजनकडे, म्हणजे ऊतीतल्या पाण्याच्या हालचालीकडे, लक्ष गेलं.

पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजायची स्टेस्कल-टॅनर पद्धत १९६५ची. १९८०च्या दशकाच्या मध्यात फ्रेंच संशोधक देनी ल बिहां यांनी ती मेंदूच्या प्रतिमांत आणली. जिवंत स्तनातली मोजमापं १९९७ची. साधी गाठ आणि कर्करोग वेगळा करण्याचे प्रयत्न २००२च्या सुमाराचे. पेशी दाटल्या की पाणी अडतं आणि एडीसी, म्हणजे पाणी किती मोकळेपणी हलतं ते सांगणारा आकडा, घसरतो. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा एडीसी सेकंदाला सुमारे ०.००३ चौरस मिलिमीटर, निरोगी ग्रंथीचा ०.००२च्या आसपास, कर्करोगाचा साधारण ०.००१.

हे आकडे मुख्यतः न पाजणाऱ्या स्त्रियांचे होते, आणि गोम तिथेच आहे. २०१४मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाने दाखवलं की पाजणाऱ्या स्तनात हे आकडे मुळातच कमी असतात. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी खरं, पण स्निग्धकण आणि केसीन या प्रथिनामुळे ते दाट असतं. म्हणजे निरोगी आणि रोगट यांतलं अंतर आक्रसतं; पुसलं मात्र जात नाही. पुढे २०१८मध्ये जपानी संशोधकांनी एकेका मातेला पाजण्याआधी आणि नंतर असं दोनदा तपासलं, तर आकडे जागेवर राहिले नाहीत.

मुंबईत हे विसरून चालत नाही. डोंबिवलीहून परळला लोकलने यायचं, नोंदणी करायची, मग मशीनचा नंबर. तोवर शेवटच्या पाजण्याला तीन-चार तास सहज उलटतात. त्यामुळे स्कॅनच्या अगदी आधी दोन्ही बाजूंनी पाजावं किंवा पंपाने दूध काढावं, आणि वेळ फॉर्मवर लिहावी. एकच बाजू रिकामी केली तर डाव्या-उजव्याची तुलना फसते. शिवाय भरलेल्या छातीवर पालथं झोपणं दुखतं, बाई हलते आणि प्रतिमा बिघडते.

टेक्निशियनची खरी परीक्षा चरबीचा सिग्नल दाबताना असते. पाणी आणि चरबी यांच्या वारंवारितेतला फरक १.५ टेस्लाच्या चुंबकावर जेमतेम २२० हर्ट्झ. शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) नीट झालं नाही तर चरबीची सरकलेली छाया ग्रंथीवर पडते. चरबीत डिफ्यूजन नगण्य, म्हणून एडीसी खोटाच कमी दिसतो. बी-व्हॅल्यू (डिफ्यूजन किती ठळक करायचं तो आकडा) ८००ची प्रतिमा आणि एडीसीचा नकाशा शेजारी ठेवूनच वाचावेत. गळूतला पूही एडीसी पाडतो, त्यामुळे ताप आणि लाली विचारल्याशिवाय रिपोर्ट लिहू नये. संशय उरला तर सुईने तुकडा काढणं आलंच. पाजणं त्याच्या आड येत नाही.

कॉन्ट्रास्ट दिलाच, तरी त्यातल्या गॅडोलिनियम या धातूच्या डोसपैकी ०.०४ टक्क्यांहून कमी भाग २४ तासांत दुधात उतरतो आणि बाळाच्या आतड्यातून त्यातला एखादा टक्काच शोषला जातो. ज्या शहरात सायन रुग्णालयाची दूधपेढी १९८९पासून आहे, तिथे दिवसभराचं दूध मोरीत ओतायला सांगणं आता तरी थांबावं.