काव्यवाचन की काव्यगायन? एकदा नीट बघूया

मराठी विभागाच्या कार्यक्रमांत हा घोळ कायम असतो, पत्रिकेवर काव्यवाचन छापलेलं आणि सूत्रसंचालक म्हणतो "आता सर आपल्याला कविता गाऊन दाखवतील", सर बिचारे नुसतं वाचायला आलेले.

वाचनात कुठे थांबायचं ते कवी ठरवतो, गायनात चाल ठरवते. केशवसुतांची ओळ घ्या, 'एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने'. दोन्ही चरण बरोबर १६-१६ मात्रांचे, त्यामुळे चाल आपसूक लागते, पण चालीत म्हणायला लागलात की 'आणुनि' वर ठरलेला ठेका येणार म्हणजे येणारच. वाचणारा मात्र 'तुतारी' नंतर क्षणभर अडू शकतो, किंवा न थांबता थेट 'फुंकिन' मध्ये घुसू शकतो. अर्थ कुठे वळतो ते ऐकणाऱ्याला तिथेच कळतं.

गोंधळ होण्याचं कारणही आहे म्हणा. १९२३ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले यशवंत, गिरीश हे कवी स्वतःच कविता गाऊन दाखवायचे आणि लोकांना ते प्रचंड आवडायचं. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट, मंगेश पाडगावकर यांनी गावोगाव एकत्र वाचनाचे कार्यक्रम केले. तिघंही कॉलेजात शिकवलेले, समोरच्या पोरांना कसं धरून ठेवायचं ते पक्कं माहीत! विंदांचं वाचन तर जवळजवळ नाटकच, पण ते गाणं नव्हे. आणि पाडगावकरांची गाणी अरुण दातेंच्या आवाजात ऐकलेली असतात ना आपण, ते तिसरंच, ते भावगीत, तिथे संगीतकार आणि गायक मध्ये येतात.

सुरेश भट वाचन आणि गायन यांच्या मधले, स्वतःची गझल स्वतःच्या चालीत म्हणायचे. गझलेला ते झेपतं कारण शेर दोन ओळींत पुरा होतो आणि काफिया (यमक) आणि त्यामागून दरवेळी येणारा तोच शब्द, म्हणजे रदीफ, आला की दाद येतेच. मुक्तछंदाचं तसं नाही हो, तिथे ओळ कधी दोन शब्दांची तर कधी अख्ख्या परिच्छेदाएवढी, ती चालीत बसवायला गेलं की माझ्या मते कवितेची वाटच लागते.

त्यामुळे विद्यापीठात कवी बोलावणार असाल तर आधी फोन करून विचारा, सर/मॅडम, वाचणार की गाणार? वाचणार असतील तर एक बरा माईक, पाणी आणि शेवटी प्रश्नांना अर्धा तास ठेवा, तबलजी नको.