अणुवीज, सौरऊर्जा आणि मधे आडवा येणारा झेनॉन

एप्रिल 2023 मध्ये जर्मनीने उरलेल्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या आणि तेव्हापासून वाद काही थांबत नाही. एक गट म्हणतो अणुवीज 24 तास एकाच दराने चालतं, सूर्य-वाऱ्याशी त्याचं जमणारच नाही. दुसरा म्हणतो कंट्रोल रॉड (भट्टीतले न्यूट्रॉन शोषणारे दांडे) खाली-वर केले की झालं. दोघांचं अर्धंच बरोबर आहे, आणि राहिलेलं अर्धं एका वायूत आहे, झेनॉन-135.

अणुवीज स्वच्छ आहे याबद्दल फार बोलत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या 2014 च्या अहवालात खाणीपासून सगळा हिशोब धरून एका युनिटमागे साधारण 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड येतो, कोळशाचा 820. आणि हो, कूलिंग टॉवरमधून निघणाऱ्या पांढऱ्या ढगाचे फोटो "किरणोत्सर्गी धूर" म्हणून फॉरवर्ड करणं कृपया बंद करा, ती नुसती पाण्याची वाफ असते, तसले टॉवर कोळशाच्या प्लांटलाही असतात.

आता झेनॉन. युरेनियम फुटलं की जे तुकडे होतात त्यांतून आयोडीन-135 तयार होतं, त्याचं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा वेळ) 6.6 तास, आणि त्याचाच पुढे झेनॉन-135 होतो. युरेनियम फुटताना सुटणारे न्यूट्रॉनच पुढचं युरेनियम फोडतात आणि साखळी चालू राहते, पण हा झेनॉन त्या न्यूट्रॉनचा जबरदस्त भुकेला आहे, मंद न्यूट्रॉन गिळायची त्याची क्षमता सुमारे 26 लाख बार्न (ही क्षमता मोजायचं एकक), युरेनियम-235 फुटायची 585 च्या आसपास, म्हणजे साडेचार हजार पट! समजा एक हौद आहे. वरून आयोडीनचा नळ झेनॉन ओततोय आणि खाली दोन मोऱ्या आहेत, एक झेनॉनच्या स्वतःच्या क्षयाची (अर्धायुष्य 9.1 तास, म्हणजे सावकाश) आणि दुसरी न्यूट्रॉन गिळून तो संपतो ती. भट्टी फुल पॉवरवर असताना दुसरी मोरी जोरात वाहते, त्यामुळे पातळी स्थिर राहते. दुपारी ऊन भरपूर आहे म्हणून आपण पॉवर कमी केली की न्यूट्रॉन लगेच घटतात, मोरी तुंबते, पण नळ मात्र काही तासांपूर्वीच्या आयोडीनवर तसाच चालू! पातळी कित्येक तास चढत राहते आणि नेमकी संध्याकाळी, जेव्हा सूर्य गेलाय आणि पॉवर वाढवायचीय, तेव्हा हा झेनॉन न्यूट्रॉन खात बसलेला असतो.

हे पहिल्यांदा सप्टेंबर 1944 मध्ये अमेरिकेतल्या हॅनफर्डला दिसलं. नवी कोरी बी रिअॅक्टर सुरू झाली, आणि काही तासांत आपोआप मंदावून बंद पडली, मग थोड्या वेळाने पुन्हा जिवंत! व्हीलर आणि फर्मी या भौतिकशास्त्रज्ञांनी बंद-चालूच्या वेळांवरून झेनॉन ओळखला. भट्टी बांधणाऱ्या ड्यूपाँट कंपनीच्या इंजिनिअरांनी इंधनाच्या जादा नळ्यांची सोय आधीच करून ठेवली होती म्हणून निभावलं. 1986 ला चेर्नोबिलच्या अपघाताआधी ऑपरेटरांनी याच झेनॉनवर मात करायला जवळजवळ सगळे रॉड बाहेर ओढले, डिझाइनमधले दोष होतेच, त्यात ही भर पडली.

मग उपाय? हाताशी जादा रिअॅक्टिव्हिटी हवी, म्हणजे झेनॉनने खाल्लं तरी साखळी चालू राहील एवढी शिल्लक. नैसर्गिक युरेनियमच्या जड पाण्याच्या भट्ट्यांत ती फार कमी असते, बंद पडल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास परत उठवलं नाही तर दीडेक दिवस थांबावंच लागतं. दाबाखालच्या साध्या पाण्याच्या भट्ट्यांत इंधन समृद्ध (युरेनियम-235 चं प्रमाण वाढवलेलं) असतं आणि पाण्यातलं न्यूट्रॉन गिळणारं बोरॉन पातळ करून ती शिल्लक बाहेर काढता येते, रोज पॉवर खाली-वर करायला फ्रान्स हेच वापरतो, शिवाय कमी न्यूट्रॉन शोषणारे ग्रे रॉडही.

अर्थात पॉवर कमी केल्याने पैसे फारसे वाचत नाहीत, कारण खर्च बांधकामात असतो, इंधनात थोडाच. म्हणून मला वाटतं देशाने एकेका भट्टीकडून रोज कसरत करून घेण्यापेक्षा बऱ्याच भट्ट्यांचा ताफा बघावा. फ्रान्समध्ये ज्या भट्टीचं इंधन संपत आलंय, म्हणजे बोरॉन जवळजवळ उरलेलं नाही, तिला शक्यतो एका पातळीवर चालू ठेवतात आणि चढउताराचं काम ताजं इंधन भरलेल्यांकडे देतात.