पावणेतीन फेऱ्यांचा ताल

चवथीच्या सुट्टीत भाचा वाळपईला आला तो डर्ट बाईक घेऊनच. पावसाळाभर ती सत्तरीच्या रानवाटांवर, चिरेखाणींच्या लाल चिखलात फिरली होती. "मामा, इंजिनात काहीतरी टक्‌टक् करतंय," तो काळजीने म्हणाला. एका गॅरेजात टॅपेटवर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणाऱ्या भागावर, बोट ठेवलं होतं, दुसऱ्यात इंजिन उघडायलाच सांगितलं होतं.

आवाजाचं वर्णन करायला गेलं की माणूस फसतो. एकाची टकटक ती दुसऱ्याची खडखड. म्हणून मी आधी एवढंच पाहतो, की हा आवाज कशाच्या लयीत वाजतोय? आपल्या गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातापायांवर एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत, असं जुनेजाणते सांगतात. चालत्या गाडीतही असेच अनेक ताल एकदम सुरू असतात. क्रँकचा, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याचा, वेगळा, व्हॉल्व्हचा वेगळा, चेनचा आणि चाकाचा आणखी वेगळा. बिघडलेला भाग स्वतःचा ताल सोडत नाही. तो मोजला की आवाज कोणाचा ते कळतं.

टॅपेटचंच घ्या. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. उभी गाडी मिनिटाला 1500 फेऱ्यांवर चालू ठेवली, तर क्रँक सेकंदाला 25 वेळा फिरतो आणि व्हॉल्व्ह साडेबारा वेळा उघडतो. सेकंदाला साधारण 20 पर्यंतचे ठोके आपल्या कानाला सुटे ऐकू येतात, त्यापुढे ते मिसळून घरघर होते. म्हणूनच अनुभवी मेकॅनिक टॅपेट ऐकताना गाडी रेस करत नाही, मंद चालू ठेवतो. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. ती वाढली की ठोका स्वच्छ ऐकू येतो. थंड इंजिनात येणारा आणि तापल्यावर विरणारा आवाज बहुधा पिस्टनचा असतो, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि सिलिंडरमधली फट भरून काढतं.

भाच्याने इंजिनाच्या आवरणावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली. ही युक्ती खरी कामाची आहे. धातूतून हवेत उतरताना आवाजाची जवळजवळ सगळी ऊर्जा पृष्ठभागावरूनच माघारी फिरते. मधली हवा टाळली की इवलासा ठोकाही कानापर्यंत पोचतो. पण हाच धातू चकवतोही. फ्रेमच्या नळ्यांमधून आवाज कुठचा कुठे जातो. उभ्या गाडीत मात्र स्क्रूड्रायव्हरला काहीच सापडलं नाही. टक्‌टक् फक्त चालत्या गाडीत होती.

मग निर्मनुष्य सरळ उतारावर किल्ली चालू ठेवूनच किल-स्विचने इंजिन बंद केलं आणि न्यूट्रलमध्ये गाडी सोडली. इंजिन गप्प झालं, तरी टक् चालूच! तिथेच टॅपेट आणि पिस्टन दोन्ही संशयातून सुटले. ताशी तीस किलोमीटरच्या वेगात दहा सेकंदांत चौदा ठोके मोजले. चाकाचा परीघ सुमारे 2.1 मीटर, म्हणजे तेवढ्या वेळात चाक चाळीसेक फेऱ्या फिरलं होतं. चाकाचं बेअरिंग खराब असतं तर बहुधा फेरीगणिक निदान एक ठोका आला असता. हे काहीतरी चाकापेक्षाही सावकाश फिरणारं होतं.

घरी येऊन मागचं चाक उचललं, टायरवर खडूने खूण केली आणि इंजिन बंद ठेवून, बोटं चेनपासून दूर धरून, चाक हाताने फिरवलं. पहिल्या ठोक्याला खूण तळाशी होती. पुढच्या ठोक्याला ती तळापासून पाव फेरी मागे राहिली. पहिल्यानंतरचा चौथा ठोका पडला तेव्हा खूण पुन्हा तळाशी होती. चाक तेवढ्यात बरोबर अकरा वेळा फिरलं होतं. म्हणजे दर पावणेतीन फेऱ्यांना एक टक्! भाच्याने चेनीच्या कड्या मोजल्या, 110 भरल्या. मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राला, दात 40, म्हणून चाकाच्या एका फेरीत 40 कड्या पुढे सरकतात. एकशे दहाला चाळीसने भागलं की पावणेतीनच येतात. अख्ख्या चेनीत एकच कडी अडकली होती.

मग ती इंजिनात वाजल्यासारखी का वाटत होती? मागच्या मोठ्या स्प्रॉकेटवर प्रत्येक कडीला फक्त 9 अंश वळावं लागतं. पुढच्या 14 दातांच्या स्प्रॉकेटवर जवळजवळ 26. ताठ कडी तिथेच अडून सुटते, आणि ते स्प्रॉकेट इंजिनाच्या आवरणाला अगदी खेटून असतं. गॅरेजवाल्यांचा कान चुकला नव्हता, आवाज खरोखरच इंजिनाजवळून येत होता.

अशा चेनीच्या पिनांभोवतीचं ग्रीस रबराच्या रिंगांनी बंद केलेलं असतं. धुताना जोरदार फवारा थेट त्यांच्यावर धरला की पाणी आत शिरतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि पिन तिथल्या तिथे जखडते. तेल सोडून, मागेपुढे वाकवून कडी थोडी सैल झाली, पण आतलं ग्रीस गेलेलं होतं. अशी कडी पुन्हा अडकते, म्हणून मी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलायला लावली.

नवी चेन बसवल्यावर चाक पुन्हा अकरा फेऱ्या फिरवलं. खडूची खूण गोल गोल जात राहिली. टक् आली नाही.