ढेकूण लपवू नका, शोधा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"घरात ढेकूण झालेत" हे लोक फोनवर अगदी हळू आवाजात सांगतात. झुरळांसाठी किंवा वाळवीसाठी फोन येतो तेव्हा आवाज असा खाली जात नाही. गाडी सोसायटीच्या गेटबाहेर लावा, कुणी विचारलं तर वाळवीचं काम आहे म्हणा, असंही सांगतात. आम्ही तसं करतो, कारण तुमची अडचण आम्हाला कळते. पण ढेकणांचा आणि घरच्या स्वच्छतेचा संबंध फार थोडा असतो. झुरळाला खरकटं लागतं, ढेकणाला रक्त लागतं. ते कॉट बेसिसच्या खोलीत मिळतं, तसंच रोज दोनदा फरशी पुसणाऱ्या घरातही मिळतं. लाजेपायी दोन महिने गप्प राहिलं, की एका गादीपुरतं असलेलं काम सगळ्या घराचं होऊन बसतं.

आधी पित्त वाटतं, मग डास

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या पेठेत एका जुन्या वाड्यात गेलो होतो. आजींच्या हातावर आणि मानेवर रोज सकाळी लाल गांधी उठायच्या. घरच्यांना वाटलं पित्त उठलंय. तीन आठवडे आमसुलाचं पाणी लावणं चाललं होतं. त्याच पलंगावर झोपणाऱ्या आजोबांना मात्र काहीच होत नव्हतं, म्हणून ढेकणांचा संशय कुणाला आलाच नाही. आम्ही पलंगाचा माथा भिंतीपासून सरकवला आणि मागच्या स्क्रूच्या भोकावर टॉर्च धरला. भोकाभोवती पेनाची शाई टिपली असावी तसे काळे ठिपके, कडेला चिकटलेल्या पातळ, पारदर्शक काती आणि आत एकमेकांना बिलगून बसलेले सात-आठ ढेकूण दिसले.

ढेकूण चावताना कळत नाही, कारण त्याच्या लाळेत जागा बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे घटक असतात. पाच-दहा मिनिटांत पोट भरून तो परत फटीत जातो. काहींच्या अंगावर लगेच पुरळ येतं, काहींना काही दिवसांनी, तर काहींना कधीच येत नाही. त्यामुळे नुसत्या चाव्यांवरून काही ठरवू नका. ढेकणांमुळे कुठला रोग पसरतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. पण खाजवून जखमा होतात आणि झोप उडते. त्वचेचा त्रास वाढला तर डॉक्टरांना दाखवा.

कुठे आणि काय बघायचं

पूर्ण वाढलेला ढेकूण अख्ख्या मसुराएवढा, चपटा आणि तपकिरी असतो. रक्त प्यायला की फुगून लांबट आणि गडद लाल होतो. पिल्लं फिकट, जवळजवळ आरपार दिसणारी असतात. पोटातला लाल ठिपका दिसला तरच ती नजरेला पडतात. अंडी पांढरी, खसखशीच्या दाण्याएवढी, आणि फटीत चिकटवलेली असतात, झटकून पडत नाहीत. काळे ठिपके ही त्यांची विष्ठा. ओल्या फडक्याने पुसलं की ठिपका तांबूस पसरतो. तसा पसरला तर शंका ठेवू नका.

टॉर्च आणि एखादं जुनं एटीएम कार्ड घ्या. गादीच्या कडेच्या शिवणीत कार्ड हळूच फिरवा, गादीचे चारही कोपरे उलटून बघा. मग दिवाणाचे सांधे, प्लायवूडची सुटलेली कड, पलंगाच्या माथ्यामागची भिंत, जवळचा स्विचबोर्ड, पडद्याच्या वरच्या घड्या. सहसा ढेकूण झोपणाऱ्यापासून फार लांब जात नाहीत, म्हणून सुरुवात पलंगापासूनच करा. दुपारी कुणी सोफ्यावर आडवं होत असेल तर सोफ्याचं खालचं कापडही बघा.

ढेकूण उडत नाही आणि उडीही मारत नाही. टुणकन उडाली तर ती पिसू. लांब मिशांचं, तुरुतुरु पळणारं पिल्लू झुरळाचं असतं.

घरात येतात कसे

बहुतेक वेळा सामानातून. हॉस्टेलवरून सुटीला आलेल्या मुलाची बॅग, रेल्वेच्या प्रवासात बर्थखाली ठेवलेली सुटकेस, लॉजवर पलंगावर उघडून ठेवलेलं सामान. प्रवासाहून आल्यावर बॅग पलंगावर ठेवू नका. ती बाल्कनीत रिकामी करा आणि कपडे थेट धुवायला टाका. स्वस्तात मिळालेला जुना दिवाण किंवा सोफा घरात घेण्याआधी खालून, सांध्यांतून, स्क्रूच्या भोकांतून तपासा. नवी गादी ज्या टेम्पोतून येते त्यातून जुन्या गाद्याही नेल्या जात असतील, तर नवी गादी प्लास्टिकमध्येच गुंडाळून मागवा. फ्लॅटमध्ये ढेकूण वायरिंगच्या पायपांतून आणि भिंतीच्या भेगांतून शेजारीही जातात, म्हणून शेजाऱ्यांना सांगणं तुमच्याच हिताचं आहे.

खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी पद्धत आजही उपयोगाची आहे. मात्र खाट भिंतीला टेकलेली नको आणि चादर जमिनीला लागलेली नको. वाट्यांतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून वाट्या घासा, नाहीतर त्यातच डेंगीचे डास व्हायचे.

कृपया हे करू नका

धान्याच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरात कधीही ठेवू नका. कोणी पेस्ट कंट्रोलवाला ठेवतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. या गोळ्या गोदामांसाठी आहेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून, पायपांतून शेजारच्या घरात जातो आणि त्यावर उतारा नाही. सुरुवातीला उलट्या, पोटदुखी होते आणि घरच्यांना वाटतं बाहेरचं खाणं बाधलं. अशा गोळ्यांनी झोपेतली लहान मुलं दगावली आहेत. हे लिहिताना आमचाही हात थांबतो, पण लिहायलाच हवं.

डायक्लोरव्हॉस हे उग्र वासाचं औषध 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. कुणी "जुना स्टॉक आहे, जोरदार आहे" म्हणत असेल तर घेऊ नका. काम देण्याआधी कीटकनाशक कायदा, 1968 नुसार मिळालेला परवाना मागा. आमच्याकडेही मागा.

रॉकेल आणि स्पिरिट आगीच्या भीतीमुळे नको. धुराचे डबेही नकोत. धूर फटीत शिरत नाही, उलट ढेकूण दुसऱ्या खोलीत पांगतात. दुसऱ्या खोलीत झोपायला गेलात तर तेही तुमच्या मागोमाग तिथे येतात.

उष्णता आणि औषध

पन्नास अंशांच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. चादरी, अभ्रे, मच्छरदाणी साठ अंशांच्या पाण्यात अर्धा तास तरी राहू द्या. गादी उन्हात टाकल्याने मात्र काम पुरं होत नाही. वरची बाजू तापते आणि ढेकूण खालच्या सावलीत सरकतात. आम्ही शिवणी आणि सांध्यांवरून वाफेचं यंत्र सावकाश फिरवून घेतो, मग फटींमध्ये औषध मारतो. नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना आपल्याकडचे बरेच ढेकूण आता दाद देत नाहीत, म्हणून नुसत्या फवारणीवर आम्ही विसंबत नाही.

दुसरी भेट टाळू नका. औषधाने अंडी नीट मरत नाहीत, आणि उबदार हवेत ती आठ-दहा दिवसांत फुटतात. त्या पिल्लांना गाठण्यासाठी आम्ही बारा ते पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. मधल्या काळात एखादा ढेकूण दिसला तर काम फसलं असं समजू नका. फवारणीनंतर पाच-सहा तास घर बंद ठेवा, मग खिडक्या उघडा, आणि रात्री नेहमीच्याच पलंगावर झोपा. तुमच्याकडे येताना औषध मारलेल्या जागेवरूनच त्यांना यावं लागतं. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, दम्याचा पेशंट किंवा माशांची टाकी असेल तर आधी सांगा, बेत त्याप्रमाणे बदलतो.

संशयाचा किडा सापडला तर चिरडू नका. पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवा, शेजारी मसुराचा दाणा ठेवून फोटो काढा आणि आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. ओळखून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही. तो ढेकूण नसेल तर तेही स्पष्ट सांगतो.