जनुकबदल डास

डासांच्या जनुकांत प्रयोगशाळेत फेरफार करून त्यांची पैदास घटवणे किंवा त्यांची रोग पसरवण्याची क्षमताच काढून घेणे, असे हे तंत्र आहे. चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. नर फुलांच्या रसावर जगतो. त्यामुळे पैदास घटवण्यासाठी नर सोडले, तर माणसाला चावणारे डास वाढत नाहीत.

ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीने डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात असे जनुक घातले, की त्याच्यामुळे तयार होणारे प्रथिन साठत जाऊन अळी मरते. प्रयोगशाळेत टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध देऊन हे जनुक गप्प ठेवतात. बाहेर ते औषध कोण देणार? पुढच्या वाणात फक्त मादी अळ्या मरतात, नर जगतात आणि जनुक काही पिढ्या पुढे नेतात. ब्राझीलमध्ये या वाणाची अंडी डब्यातून विकली जातात. डब्यात पाणी ओतले की काम सुरू. फ्लोरिडात हे डास २०२१ मध्ये सोडले गेले.

दुसरी वाट जनुक-रेट्याची, म्हणजे घातलेले जनुक जवळजवळ सगळ्या संततीत उतरवण्याची. २०१८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अशा बदलाने पिंजऱ्यातले ॲनॉफिलीस गँबी ७ ते ११ पिढ्यांत संपले. मात्र हा आफ्रिकेतला हिवतापाचा डास, आपला नव्हे. वोल्बाकिया जिवाणू घातलेल्या डासांचीही याच तंत्रात गणना होते, ती चुकीची आहे. त्यांची जनुके बदललेली नसतात.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध आला तो जालन्याजवळच्या दावलवाडीत. तिथे जानेवारी २०१७ मध्ये ऑक्सिटेकच्या डासांच्या बंदिस्त पिंजऱ्यातील चाचण्या सुरू झाल्या. कोकणात, किंबहुना देशात कुठेच, जनुकबदल डास उघड्यावर सोडलेले नाहीत. त्यासाठी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची मान्यता लागते. १९७५ मध्ये हरियाणातल्या सोनीपतला वंध्य एडिस सोडण्याचा बेत (तेव्हा जनुकबदल नव्हता) जैविक युद्धाच्या आरोपांच्या गदारोळात गुंडाळावा लागला होता. परवानगीइतकाच लोकांचा विश्वासही लागतो, हे तेव्हाच दिसले.

कोकणात खरी अडचण डासांच्या विविधतेची आहे. मुंबई-ठाण्याच्या गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामांवर हिवतापाचा ॲनॉफिलीस स्टीफेन्सी वाढतो. घरातल्या पिंपात, फुलदाणीत एडिस इजिप्ती. तळकोकणात पोफळीच्या बागेत पडलेली विरी (झावळीचा बुंध्याकडचा रुंद, खोलगट भाग), करवंट्या, दोडामार्गाकडे रबराचा चीक धरायच्या वाट्या पावसाने भरतात, आणि अशी जागा एडिस अल्बोपिक्टसला फार मानवते. हाही डेंगी, चिकुनगुनिया पसरवतो. घाण पाण्यातला क्युलेक्स हत्तीरोगाचा वाहक. एका जातीचा नर दुसरीच्या पैदाशीला आवर घालत नाही, म्हणजे इजिप्तीचे डबे ठेवून बागेतला अल्बोपिक्टस हटणार नाही. त्यात एडिस जन्मल्या जागेपासून सहसा काहीशे मीटरच उडतो. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांत प्रत्येक वाडीला वेगळे नर सोडावे लागतील. चाळी-इमारतींच्या दाट वस्तीत हे सोपे जाईल. तूर्त विहिरीत गप्पी मासे आणि आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून पाळलेला कोरडा दिवस, हीच वाडीवरची रीत.

दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माकडताप मात्र या यादीत धरू नये. तो गोचिडींमुळे पसरतो, डासांमुळे नाही.