शारीरिक सक्रियता

शारीरिक सक्रियता : स्नायूंच्या आकुंचनामुळे होणारी आणि विश्रांतीपेक्षा जास्त ऊर्जा खर्च करणारी शरीराची कोणतीही हालचाल. व्यायाम हा तिचा ठरवून केलेला भाग. जिना चढणे, पाणी भरणे, सायकलवरून कामाला जाणे, खुरपणी करणे हेही सक्रियतेतच मोडते. व्यायामाला वेळ नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हा फरक आधी लक्षात घ्यावा.

सक्रियतेचा आरोग्याशी असलेला संबंध आकड्यांनिशी ठळकपणे दिसला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९-५० मध्ये लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयोगटातल्या सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर, जवळपास सारख्याच परिस्थितीतले. पण ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि ज्यांना झाला त्यांच्यातही लगेच दगावण्याचे प्रमाण कमी होते. हे निष्कर्ष १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चालत टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेलिफोन ऑपरेटर यांच्यातही असाच फरक मिळाला. मुळातच सडपातळ माणसे कंडक्टर होत असतील, ही शंका रास्त होती. मॉरिस यांनी ती टाळली नाही; त्यांनी गणवेशांची मापे काढली. ड्रायव्हरांच्या पँटींचा कमरेचा घेर खरोखरच मोठा निघाला. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. तरीही पुढच्या अनेक अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला दुजोराच दिला.

हालचालीने माणूस थकतो, मग नियमित हालचाल करणारा तरतरीत कसा? स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूचा शरीरातला साठा काही सेकंदच पुरतो, म्हणून तो सतत नव्याने तयार करावा लागतो. हे काम मुख्यतः पेशींतल्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) करतात. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये दाखवले की, काही आठवडे धावण्याचा सराव दिलेल्या उंदरांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट होते. सरावाने माणसाच्या स्नायूंतही तंतुकणिका वाढतात. म्हणूनच दोन जिन्यांत धाप लागणारा माणूस रोज जिना चढू लागला की काही आठवड्यांत तेच जिने सहज चढतो. उलट, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे स्नायू फार झपाट्याने रोडावतात.

सक्रियतेची तीव्रता ‘मेट’ या एककात मोजतात. शांत बसणे म्हणजे १ मेट. ३ ते ६ मेटची हालचाल मध्यम, त्यापुढची जोरकस. साधी ओळख अशी : मध्यम हालचालीत बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे. दहा हजार पावलांचा सर्वतोमुखी झालेला आकडा मात्र संशोधनातून आलेला नाही. तो १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून पसरला.

हा सल्ला प्रामुख्याने बैठे काम करणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे, याचा विसर पडता कामा नये. दिवसभर वाकून भाताची लावणी करणाऱ्या किंवा ऊसतोडीवर मोळ्या वाहणाऱ्या बाईला ‘हालचाल वाढवा’ सांगणे क्रूरपणाचे आहे. हवे तेव्हा थांबण्याची सोय नसलेले अवजड श्रम फावल्या वेळच्या व्यायामासारखे हितकारक ठरत नाहीत, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही आणि थोड्या कामानेही गळून जायला होते. अशा मरगळीला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. तिथे आधी रक्ततपासणी, पुरेसे जेवण आणि विश्रांती हवी.